आरंभशूर

डॉक्टरांनी फोन स्पीकरवर ठेवला आणि आईला विचारलं, "लहानपणी ही कशी होती?"

पुण्यातल्या डॉक्टरांशी बोलायचं म्हणून आईने माढ्याचा आवाज आवरला, ठेवणीतली मराठी काढली. "गुणाची होती हो. दंगा नाही, मस्ती नाही. एका जागी बसली की तास तास बसायची. फक्त विसरायची. दूध उतू जायचं आणि ही स्टोव्हसमोरच उभी." मग थोडं थांबून, स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "अण्णांवर गेलीय. तेही तसेच होते."

डॉक्टरांनी शेवटचं वाक्य लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली.

मोठ्या माणसाला एडीएचडी आहे का हे ठरवताना असा साक्षीदार लागतो. तिशीत अचानक सुरू झालेला विसराळूपणा एडीएचडीत धरत नाहीत. त्याच्या खुणा वयाच्या 12 वर्षांआधी सापडाव्या लागतात. डॉक्टरांनी माझी शाळेतली प्रगतिपुस्तकंही मागितली होती. ती मी हरवली होती. हाही त्यांनी पुरावा धरला की नाही, माहीत नाही.

2024 चा ऑगस्ट होता, माझं वय 34. त्या दिवशी रिक्षात बसून मी हसत होते. दोन दिवस तो हलकेपणा टिकला. तिसऱ्या दिवशी गोळी सुरू झाली आणि दुपारी ऑफिसात एकदम सगळं शांत झालं. पंखा बंद पडल्यावर कळतं ना, की इतका वेळ तो वाजत होता, तसं. एक मेल मी वर न बघता, उठून पाणी न पिता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहिला. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. बाकीच्यांना ही शांतता जन्मापासून फुकट मिळाली होती, आणि मला वाटत होतं की ते माझ्यापेक्षा जास्त कष्ट करतात.

त्यानंतर हिशेब सुरू झाला. अर्धवट सोडलेली एमएससी, दोन नोकऱ्या, भरायचे राहिलेले फॉर्म, लायब्ररीचा दंड, ज्याच्या आईच्या तेराव्याला जायचं मी विसरले तो मित्र. प्रत्येक रकान्यासमोर एकच प्रश्न: हे कुणाला आधी कळायला हवं होतं? हातावर छडी मारणाऱ्या बाईंना? आईला? "एक ना धड, भाराभर चिंध्या" असं मला जेवताना ऐकवणाऱ्या थोरल्या तात्यांना? तात्या शिक्षक होते. त्यांचा आवडता शब्द होता 'आरंभशूर'. तो ते अण्णांसाठी वापरायचे, आणि मी जरा मोठी झाल्यावर आम्हा दोघांसाठी.

राग आला की त्याला तारीख मागावी, असं मी ठरवलं. कोणती गोष्ट जगात कुणाला, कोणत्या साली माहीत होती, आणि ती माढ्याला कधी पोचू शकत होती? लक्ष न लागण्याच्या या विकाराचा इतिहास वाचताना मी तीन रात्री जागले. ज्यांना हा विकार आहे त्यांना यात काही विनोद वाटणार नाही. ते असंच असतं.

*

सर्वात आधी भेटला मेल्खिओर आडाम वायकार्ड हा जर्मन डॉक्टर. 1775 साली त्याने लक्ष न टिकणाऱ्या माणसांवर एक प्रकरण लिहिलं आणि उपाय सुचवले: थंड पाण्याची अंघोळ, लोखंडाची पूड, घोड्यावरून रपेट, फारच चुळबुळ असेल तर अंधाऱ्या खोलीत एकांत. आमच्याकडे बदाम होते.

पण मी अडकले ती त्याच्या पुढच्या माणसापाशी. अलेक्झांडर क्रिच्टन, स्कॉटिश डॉक्टर, जो पुढे रशियाच्या झारचा वैद्य झाला. 1798 साली, म्हणजे पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता तेव्हा, त्याने वेडाच्या कारणांवर दोन खंडांचा ग्रंथ काढला. त्यात 'लक्ष' या एकाच विषयाला वाहिलेलं प्रकरण आहे. काही माणसांना कुणाचं चालणं, दार लागणं, टेबल हलणं, किंचित जास्त उकाडा किंवा गारठा, काहीही विचलित करतं, असं तो सांगतो. हे जन्मजात असू शकतं किंवा आजारपणानंतर येऊ शकतं. आणि मग तो शाळेत शिरतो. लॅटिन-ग्रीक व्याकरणाचा रुक्षपणा काही मुलांना इतका असह्य होतो की छडीची भीती घाला नाहीतर गोडीगुलाबीने समजवा, त्यांचं लक्ष तिथे लागत नाही. हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेलं असणार, असं तो म्हणतो.

हे मी दोनदा वाचलं. छडीने हे होत नाही, एवढी गोष्ट 1798 सालीच छापून झाली होती. मला छडी बसली 1999 साली, संस्कृतचा 'देव' चालवताना द्विवचनात खिडकीबाहेर गेले म्हणून.

याच प्रकरणात क्रिच्टनने आणखी एक वाक्य लिहून ठेवलं, आणि त्याने पुढे फार नुकसान केलं असं माझं मत आहे. सुदैवाने हे वयाबरोबर कमी होतं, असं तो म्हणतो. आमच्याकडे याचीच आवृत्ती होती: मोठी झाली की सुधारेल. नंतर, लग्न झालं की सुधारेल.

एडीएचडीचा इतिहास सांगणारे सगळे फ्रँकफर्टच्या हाइनरिश हॉफमनपाशी थांबतात. हा डॉक्टर पुढे मनोरुग्णालयाचा प्रमुख झाला. 1844 च्या नाताळात त्याने तीन वर्षांच्या मुलासाठी स्वतः चित्रं काढून एक वही बनवली. पुढच्या वर्षी तिचं पुस्तक झालं. नंतरच्या आवृत्तीत त्यात फिलिप आला: जेवताना खुर्ची हलवत राहणारा आणि शेवटी टेबलक्लॉथसकट सगळं जेवण अंगावर ओढून घेणारा. एडीएचडीचं चित्र म्हणून तोच सगळीकडे दाखवतात. पण त्याच पुस्तकात हान्स नावाचा दुसरा मुलगा आहे. तो शाळेत जाताना आकाशातल्या पाकोळ्या बघत चालतो आणि सरळ नदीत पडतो. त्याला बाहेर काढतात, पण त्याचं दप्तर वाहत जातं. फिलिपची आई त्याला बघत बसते. हान्सकडे तो पडेपर्यंत कुणी बघत नाही. मी हान्स होते. पुढची शंभरेक वर्षं डॉक्टरांचं लक्षही फिलिपवरच राहिलं.

1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्यानं दिली. एडीएचडीच्या वैद्यकीय इतिहासाची सुरुवात सहसा इथून धरतात. त्याने पाहिलेल्या मुलांची बुद्धी चांगली होती, पण लक्ष टिकत नव्हतं, आवेग आवरत नव्हता, आणि शिक्षा केली तरी काही तासांत तेच पुन्हा. कारण शरीरात आहे, वाईट संगोपनात नाही, असा त्याचा रोख होता. पण या सगळ्याला त्याने नाव दिलं ते नैतिक संयमातल्या दोषाचं. 'नैतिक' या शब्दाचा त्या काळचा अर्थ आजच्यापेक्षा रुंद होता, हे इतिहासकार समजावून सांगतात. मला ते पटतंही. तरी तो शब्द चिकटलाच. नाव वैद्यकीय असो की 'आळशी', ऐकणाऱ्याला त्यात एकच ऐकू येतं, की तू मनावर घेत नाहीस.

गोळ्यांची गोष्ट अपघाताची आहे. 1937 साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली आपल्या रुग्णालयातल्या मुलांच्या मेंदूचे एक्सरे काढायचा. त्या वेदनादायक तपासणीनंतर मुलांचं डोकं भयंकर दुखायचं, आणि औषधांच्या शोधात तो बेन्झेड्रिनपर्यंत, म्हणजे एका उत्तेजकापर्यंत पोचला. डोकेदुखी फारशी गेली नाही; पण काही मुलं अभ्यास करायला लागली. 30 पैकी 14 मुलांमध्ये शाळेच्या कामात ठळक फरक दिसला. मुलं त्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणायची. 1944 साली स्वित्झर्लंडमध्ये लेआंद्रो पानित्सोनने मिथाइलफेनिडेट बनवलं. त्याची बायको मार्गरीट टेनिस खेळण्याआधी ते घ्यायची म्हणे. तिच्या 'रीटा' या लाडक्या नावावरून औषधाचं नाव रिटालिन पडलं. आज भारतात मिथाइलफेनिडेट 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे. गावी असताना मी दोन मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवली, आणि दोन्हीकडे माझ्याकडे असं बघितलं गेलं की मी घाईघाईने एक क्रोसिन विकत घेऊन आले.

*

आता माझ्या कामाच्या तारखा.

1968 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत, म्हणजे डीएसएमच्या दुसऱ्या आवृत्तीत, हा विकार आला तो बालपणातली अतिचंचलता म्हणून. पौगंडावस्थेत तो सहसा ओसरतो, असंही लिहिलं. क्रिच्टनचं वाक्य 170 वर्षं जगलं होतं. 1972 साली मॉन्ट्रियलच्या व्हर्जिनिया डग्लस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मांडलं की चुळबुळ हा वरचा भाग आहे, मूळ अडचण लक्ष टिकवण्याची आणि आवेग थोपवण्याची आहे. 1976 साली युटामध्ये पॉल वेंडर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांत हाच विकार असल्याचं दाखवून त्यांच्यावर उपचार केले. 1980 साली डीएसएमची तिसरी आवृत्ती आली आणि तिने नावच बदललं: लक्षाच्या कमतरतेचा विकार, अतिचंचलतेसह किंवा तिच्याविना.

तिच्याविना! म्हणजे हान्सला जागा मिळाली होती, माझ्या जन्माच्या दहा वर्षं आधी.

इथे माझा राग परत आला. मग मी दुसरी यादी उघडली, जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी. आपल्याकडे सरकारी कामकाजात तीच धरतात. तिची दहावी आवृत्ती मंजूर झाली मे 1990 मध्ये, माझ्या जन्माच्या वर्षी. तिच्यातल्या विकारासाठी लक्ष नसणं आणि अतिचंचलता, दोन्ही हवीत. तास तास एका जागी बसणारी मुलगी त्यात मावत नाही. मग ती कुठे जाते? मागे 'इतर' नावाचा एक कप्पा आहे. त्यात अतिचंचलतेविना लक्षाची कमतरता हे एक नाव दिलंय, आणि त्याच ओळीत नखं खाणं, नाकात बोट घालणं आणि अंगठा चोखणं. मी मोठ्याने हसले. रात्रीचे अडीच वाजले होते, वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमिनीवर ठोकलं.

ती आवृत्ती पुढे तीस वर्षं चालली. अकरावी आवृत्ती लागू झाली जानेवारी 2022 मध्ये. तिच्यात एडीएचडी त्याच नावाने आहे, आणि लक्ष नसण्याचा प्रकार ठळक असू शकतो हेही आहे.

आमच्या तालुक्यातल्या लोकांना ही अडचण लवकर कळेल. मुंबई-सोलापूर मार्गावर माढ्याच्या अलीकडे कुर्डुवाडी आहे. तिथून 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शीपर्यंत छोटी रेल्वे नेली. मोठ्या लाइनीचे रूळ साडेपाच फूट रुंदीचे, बार्शी लाइटचे अडीच फुटांचे. त्यामुळे मोठ्या गाडीतून आलेला माल थेट पुढे जायचा नाही. कुर्डुवाडीला उतरायचा, हमालांच्या डोक्यावरून छोट्या डब्यात चढायचा. माल पोचायचा, पण कधी ते हमालांवर. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होते. उशीर कशाने होतो हे ते छान समजावून सांगायचे. 1980 चा तो शब्द असाच कुठल्यातरी फलाटावर उतरून पडला होता. 1999 साली ज्या बाईंनी मला मारलं, त्यांच्या बीएडच्या पुस्तकात तो असेल असं मला वाटत नाही. छडी चुकीचीच होती. पण बाईंना माहीत असून त्यांनी लपवलं, हा माझ्या मनातला खटला टिकला नाही.

शंकेचं मात्र काय करायचं ते कळेना. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या 1037 मुलांचा माग अजूनही घेतला जातो. 2015 साली त्यांच्यावरचा एक निबंध आला. 38 व्या वर्षी ज्यांच्यात एडीएचडी दिसला, त्यांतल्या सुमारे 90 टक्के लोकांना लहानपणी तो नव्हता. लहानपणी होता, त्यांतल्या बहुतेकांत मोठेपणी उरला नव्हता. मग मोठ्यांचा विकार वेगळा, की लहानपणची मोजणी कच्ची? वाद चालू आहे. मी त्या रात्री ठरवून टाकलं की मी खोटी आहे, रील्स बघून मला हे सुचलं. सकाळी आईचा आवाज आठवला: दूध उतू जायचं आणि ही स्टोव्हसमोरच उभी. तो सांगताना आईने एकही रील पाहिलं नव्हतं.

*

जुळ्यांवरच्या अभ्यासांवरून एडीएचडीची आनुवंशिकता 70 ते 80 टक्के धरतात. याचा अर्थ बापाला असेल तर लेकीला 70 टक्के होणारच असा नाही. समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला तेवढा वाटा जनुकांच्या फरकाचा. पण आईचं ते वाक्य, आणि त्याखालची रेघ. मेलेल्या माणसाचं निदान करता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला तसंही ते दा विंची आणि आइन्स्टाइनला एडीएचडी देणारे पोस्टर आवडत नाहीत. अण्णा 2016 साली गेले. त्यांचं निदान मी करणार नाही. त्यांची शेड मात्र सांगते.

उजनीच्या पाण्याने आमच्याकडे ऊस आला. बाकीच्यांनी ऊस लावला आणि दरवर्षी तोच लावला. अण्णांनी डाळिंब, शेडनेटमधली ढोबळी मिरची, मधमाशांच्या पेट्या, अळिंबी, शेळ्या आणि एक झेरॉक्स मशीन लावलं. प्रत्येक गोष्टीचे पहिले तीन महिने घरात सण असायचा. पहाटे चारला उठून ते मधमाशांबद्दल बोलायचे, आणि खरंच फार सुंदर बोलायचे. चौथ्या महिन्यात पेट्या शेडमध्ये जायच्या.

2007 साली 'तारे जमीन पर' आला तेव्हा मी बारावीत होते. अण्णा मला सोलापूरला घेऊन गेले. त्यातल्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, एडीएचडी नाही. पण मध्यंतराआधीच अण्णा उठून बाहेर गेले, ते सिनेमा संपेपर्यंत आलेच नाहीत. बाहेर चहाच्या गाड्यावर सापडले. "झोप यायली होती," म्हणाले. डोळे लाल होते. परतीच्या एसटीत आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत आलो.

दिवाळीला गावी गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं. गोळ्या दाखवल्या. तिने पाकीट उलटसुलट करून बघितलं. "डोक्याचं हाय म्हणजे?"

"डोक्याचं म्हणजे वेड नाही गं. लक्षाचं."

"आणि त्यांनाबी तेच हुतं?"

"ठाऊक नाही. असेल."

आई गवारी मोडत होती. ती मोडत राहिली. मला वाटलं होतं ती रडेल. मी तीन महिने जे वाचत होते त्याने माझा अण्णांवरचा राग गेला होता, आणि मी तोच पुडा बांधून तिच्यासाठी घेऊन आले होते.

"असंल आजार," ती म्हणाली. "पण सोसायटीचं कर्ज मी फेडलं. तुझ्या फीला माझी बोरमाळ गेली. ते कुटल्या पुस्तकात लिवलंय?"

कुठल्याच नाही. मी वाचलेल्या इतिहासात डॉक्टर आहेत, मुलं आहेत, शिक्षक आहेत, कधीमधी आया आहेत. शेडमधल्या वस्तूंचे हप्ते भरणारं माणूस कुणी नाही. मी गप्प बसले आणि गवारी मोडू लागले. चार शेंगांनंतर माझं लक्ष गेलं, ते तिला दिसलं, तिने टोपली स्वतःकडे ओढली.

रात्री तिने माळ्यावरून एक पिशवी काढून दिली. "तुला वाचायचीच हौस हाय तर हे वाच." अण्णांच्या डायऱ्या होत्या, साखर कारखान्याच्या, पतसंस्थेच्या, खतवाल्यांच्या, दर जानेवारीला फुकट मिळायच्या त्या. सतरा होत्या. प्रत्येकीत सुंदर अक्षरात 1 जानेवारी: संकल्प, खर्चाचे रकाने, पाण्याच्या पाळ्या. 5 जानेवारीला अक्षर पळायला लागायचं. 11, 12, फार तर 15. पुढे कोरी पानं. माझ्या फोनवर अशीच चार ॲप्स आहेत.

फक्त 2001 ची डायरी मार्चपर्यंत गेलेली. डाळिंबाचे भाव, एका विहिरीच्या मोटरीचा नंबर, आणि 4 मार्चच्या पानावर एकच ओळ. मी ती आईला वाचून दाखवली: "पोरीला कंपासपेटी घेणे. तिसरी. ओरडू नये."

आई अंथरूण घालत होती. "चौथी," ती म्हणाली. "तिसरीचं पैसं मी दिलं हुतं."